अंगावरच्या गाठी आणि फायलीतला जुना रिपोर्ट

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या मानेवर, दंडांवर आणि पाठीवर तीन वेळा लालभडक गाठी उठल्या. त्या खाजत नाहीत, दुखतात, आणि दहा-बारा दिवस तशाच राहतात. प्रत्येक वेळी ताप येतो. वरून पाणी भरल्यासारख्या दिसतात म्हणून त्यांनी एक सुईने टोचली, तर आतून काहीच निघालं नाही. एकदा सलाईन लावलं होतं, त्या जागीही दुसऱ्या दिवशी तशीच गाठ आली. आधी अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. मग पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं सगळं साफ. गोळ्या संपल्या की तीन आठवड्यांत पुन्हा तेच. बाबा म्हणतात, ‘ॲलर्जी आहे, त्याच गोळ्या घेऊन ये.’ त्यांना थकवाही असतो. मागे एकदा रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ होतं, एमसीव्ही १०६ असं काहीतरी लिहिलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण ते वयामुळे असेल. परवा इंटरनेटवर वाचलं की अंगावरचे फोड हे ब्लड कॅन्सरचं लक्षण असू शकतं, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझ्याही पोटावर वर्षानुवर्षं लाल माणकासारखे चकचकीत ठिपके आहेत, बोटाला किंचित उंच लागतात, एखाददोनाने वाढतात, रोज रात्री टॉर्च लावून बघते. आणखी कोणत्या पुरळाला घाबरायचं असतं? बाबांना हे सांगायचं की नाही? कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी गाठींच्या वर्णनावर फार वेळ थांबले नाही. थांबले ती ‘पण ते वयामुळे असेल’ या शब्दांवर. हिमोग्लोबिनचं तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटते.

आधी तुमची झोप उडवणाऱ्या वाक्याचं बघू. ते खोटं नाही, पण त्याचा कोणाला काही उपयोगही नाही. इसब, नायटा, पित्त, घामोळं, औषधाची रिॲक्शन, विषाणूचा ताप, कीटक चावणं. अंगावर कधीच काही उठलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. या सगळ्या पसाऱ्यात रक्ताच्या कर्करोगामुळे आलेलं पुरळ अगदी थोडं. आणि जे असतं तेही पुष्कळदा दिसायला इतकं साधं असतं, की फोटोला फोटो जुळवून हाती काही लागत नाही. बघायचं असतं ते हे, की पुरळ वागतंय कसं आणि त्याच सुमारास शरीरात दुसरीकडे काय चाललंय. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्हीकडे काहीतरी चाललंय, आणि ते दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या दिवशी अर्धं अर्धं पाहिलंय. ज्यांनी गाठी पाहिल्या त्यांच्यासमोर रिपोर्ट नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा गाठी नव्हत्या.

आता गाठींकडे येऊ. पित्ताच्या गांधी खाजतात, आणि एकेक गांध साधारण दिवसभरात विरून दुसरीकडे उठते. वडिलांच्या गाठी खाजत नाहीत, दुखतात, आणि एकाच जागी मुक्काम करतात. तेव्हा ही नेहमीची ॲलर्जी वाटत नाही. पू असता तर सुईने टोचल्यावर आला असता. पाण्याचा फोड वाटावा इतकी सूज वरच्या थरात, पण बोट टेकवलं की टणक, हे चित्र त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं ओळखीचं असतं. (सुईने टोचून बघायचा प्रयोग मात्र पुन्हा करू देऊ नका.) त्यात सलाईनच्या जागी उठलेली गाठ. सुई टोचली, कातडीला जरा इजा झाली, की तिथेच नवी गाठ उठते, अशी खोड मोजक्याच आजारांना असते.

हे सगळं जमेला धरलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते स्वीट सिंड्रोमचं. पत्र वाचून निदान होत नाही, हा माझा तर्क आहे आणि तो तपासून घ्यायचा आहे. रॉबर्ट डग्लस स्वीट या इंग्लंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६४ साली आठ स्त्रियांची हकिगत लिहिली. त्यांना ताप होता, रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, अंगावर दुखरे लाल चट्टे होते, आणि चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात त्याच न्यूट्रोफिलची दाटी दिसत होती. न्यूट्रोफिलचं काम जंतूंवर तुटून पडण्याचं. इथे जंतू नसतानाच त्या त्वचेत येऊन गर्दी करतात. जंतूच नाहीत, मग अँटिबायोटिक कशावर काम करणार? उलट स्टिरॉइडने ही गर्दी झपाट्याने पांगते. म्हणजे तुम्ही ज्याला जादू म्हणालात तो या आजाराचा नेहमीचा स्वभाव आहे.

या जादूमुळेच घोटाळा होतो. गोळीने बरं वाटलं की घरच्यांना वाटतं आजार कळला. स्टिरॉइडने पुष्कळ वेगवेगळे आजार काही दिवस दबतात, त्यामुळे गोळी लागू पडली यावरून नेमका आजार कोणता हे ठरत नाही. शिवाय गाठ दिसायला हवी तेव्हा ती दिसत नाही, तपासायला कातडीच शिल्लक राहत नाही. ‘त्याच गोळ्या घेऊन ये’ हे वडिलांचं म्हणणं त्यांच्या बाजूने अगदी समजण्यासारखं आहे. दुखणं जातं, ताप जातो, अजून काय हवं? पण चौथ्या वेळी तरी त्या गोळ्या तपासणीच्या आधी देऊ नका. त्यांनी दर वेळी पाचच दिवस घेतल्या असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे सांगते. ज्यांच्या गोळ्या तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ चालू आहेत, त्यांनी त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं आणि अचानक थांबवलं तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

स्वीट सिंड्रोम ऐकून लगेच शेवटाची तयारी करू नका. घशाचा किंवा छातीचा संसर्ग होऊन गेल्यावर तो होतो, आतड्याच्या जुनाट दाहाबरोबर होतो, गरोदरपणात होतो, काही औषधांनी होतो, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. ढोबळमानाने पाचात एका रुग्णामागे कर्करोग असतो. त्यातही बहुतेक वेळा तो रक्ताचा, आणि रक्ताच्या कर्करोगांत सगळ्यात वरचं नाव अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं. म्हणजे पाचातले चार जण त्यातून बाहेर. हा हिशोब तुम्हाला दिलासा म्हणून सांगून मी इथे थांबले असते, पण ही सरासरी तुमच्या वडिलांना जशीच्या तशी लागू होत नाही, कारण त्यांचं हिमोग्लोबिन. गाठी पुन्हा पुन्हा येणं आणि जोडीला रक्त किंवा प्लेटलेट कमी असणं, असं दिसलं की डॉक्टर बोन मॅरोकडे, म्हणजे हाडाच्या पोकळीत रक्त तयार होतं त्या मगजाकडे, बघायला लागतात. कधी कधी गाठी आधी येतात आणि रक्ताचा आजार काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होतो.

आता ते १०६. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असतो. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, आकडा ८० च्या खाली जातो. वडिलांच्या पेशी मोठ्या आहेत. म्हणजे ज्या आजारावर लोहाच्या गोळ्या आहेत त्याच्या नेमकं उलट चित्र त्या कागदावर छापलेलं आहे, आणि गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मला मुळीच पटत नाही. आणि वयामुळे हिमोग्लोबिन ९.८ होत नाही. वय हे कारण नव्हे, वयात कारणं जास्त सापडतात एवढंच.

पेशी मोठ्या होण्याची कारणं मात्र बरीच आहेत. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, दारू, यकृताचा आजार, थायरॉइड मंद असणं, मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधं. बी-१२ निघालं तर इंजेक्शनं घेऊन माणूस ठणठणीत होतो. या यादीत आणखी एक नाव आहे, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, डॉक्टर ज्याला एमडीएस म्हणतात. यात बोन मॅरो पेशी बनवतो, पण त्या धड घडत नाहीत, आणि बऱ्याचशा रक्तात येण्याआधीच मरतात. साठीच्या आसपास आणि त्यापुढे तो जास्त दिसतो. स्वीट सिंड्रोमशी त्याचं नातं जुनं आहे. काहींच्या बाबतीत तो पुढे ल्युकेमियात बदलतो, तर काही जण वर्षानुवर्षं नुसत्या तपासण्या करत त्याच्यासोबत राहतात.

वडिलांना आणखी एक विचारा. कानाचा वरचा कडक भाग कधी लाल होऊन दुखतो का? खालची मऊ पाळी सोडून. नाकाचा शेंडा? डोळे लाल होतात का? हे विचारायचं कारण असं, की २०२० साली वेक्सास नावाचा एक आजार पहिल्यांदा ओळखला गेला. यूबीए-१ नावाच्या जनुकात जन्मानंतर कधीतरी, मॅरोच्या पेशींत, बिघाड होतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे ते एकच असल्याने रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष असतात. पुन्हा पुन्हा ताप, स्वीटसारख्या गाठी, कानाच्या कूर्चेला सूज, आणि मोठ्या तांबड्या पेशींचा ॲनिमिया असं त्याचं रूप. यांतल्या बऱ्याच जणांना एमडीएसही असतो. आजार विरळा आहे, पण तुमच्या वडिलांचं वर्णन त्याच्या इतकं जवळ जातं की डॉक्टरांच्या कानावर हा शब्द घालायला हरकत नाही. नुकताच ओळखला गेलेला आजार आहे, प्रत्येकाच्या लगेच डोक्यात येईलच असं नाही.

करायचं काय ते आता. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, या आठवड्यातच पुन्हा करा, पण सोबत पेरिफेरल स्मिअर मागून घ्या. सीबीसीचे आकडे मशीन मोजतं. स्मिअरमध्ये रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पातळ पसरतात, रंग चढवतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो स्वतः डोळ्यांनी बघतो. पेशींचा आकार बिघडलाय का, न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे कप्पे नीट पडलेत का, कुठे ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, दिसतात का. मशीनने नुसतं ‘विसंगत’ म्हणून सोडलेलं पुष्कळदा माणसाच्या डोळ्याला कळतं. लॅबच्या चिठ्ठीवर ‘ताप आणि अंगावर गाठी’ एवढं लिहून द्या. बघणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असलं की फरक पडतो. जोडीला रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या तांबड्या पेशींची मोजणी, बी-१२, फॉलिक ॲसिड, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी. आणि तो जुना रिपोर्ट फायलीतून काढून ठेवा. आकडा एकटा बोलत नाही, आधी किती होता आणि आता किती, हे बोलतं.

दुसरी गोष्ट बायॉप्सी. यासाठी गाठ ताजी हवी, शक्यतो एक-दोन दिवसांतली. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना आधीच भेटून सांगून ठेवा, की गाठी उठल्या की त्याच दिवशी येतो. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. एका गाठीपुरती भुलीची सुई, ती तेवढी चुरचुरते. मग पेन्सिलीहून बारीक, बहुधा चार मिलिमीटरचं, गोल पातं फिरवून कातडीचा छोटा तुकडा काढतात आणि एखाददोन टाके घालतात. चालत जायचं, चालत यायचं. सुईच्या जागी गाठ येण्याची त्यांची प्रवृत्ती आहे हे मात्र आधीच सांगा, म्हणजे टाक्यांच्या जागी लाली आली तर कोणी जंतुसंसर्ग समजून गोंधळणार नाही. तुकड्यात काय दिसतं यावर पुढचं बरंच ठरतं. त्या न्यूट्रोफिल साध्या, पिकलेल्या आहेत, की ल्युकेमियाच्या पेशीच त्वचेत उतरल्या आहेत? दुसऱ्या प्रकाराला ल्युकेमिया क्युटिस म्हणतात, आणि त्यात गाठी बहुधा जांभळट, टणक आणि न दुखणाऱ्या असतात. वडिलांच्या गाठी दुखतात आणि स्टिरॉइडने दोन दिवसांत जातात, त्यामुळे मला तो प्रकार वाटत नाही. पण इथे माझ्या वाटण्याला किंमत नाही, तुकड्याला आहे.

गाठी उठल्या की फोटो काढा, तारखेसह, शेजारी मोजपट्टी धरून. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्या विरतात आणि मग ‘काही दिसत नाहीये’ म्हणून परत पाठवणी होते.

रक्तातला बिघाड कायम दिसला आणि बी-१२ वगैरे नीट निघालं, तर रक्तविकारतज्ज्ञ बोन मॅरोची तपासणी सुचवतील. कमरेच्या मागच्या हाडातून, जागेवर भूल देऊन, थोडा मगज आणि हाडाचा बारीकसा तुकडा काढतात. मगज ओढतात ते काही सेकंद कळ येते, खोटं कशाला सांगू. मग कूस बदलून थोडा वेळ पडून राहायचं आणि घरी यायचं. एमडीएस निघालाच तर त्याचे प्रकार इतके वेगवेगळे आहेत की आत्ता त्यावर विचार करण्यात अर्थ नाही. कुणाला नुसती देखरेख, कुणाला रक्त वाढवणारी इंजेक्शनं, कुणाला अझासिटिडीनसारखं औषध.

तुमच्या पोटावरच्या ठिपक्यांकडे येते. तुम्ही लिहिलंय की ते वर्षानुवर्षं आहेत, लाल माणकासारखे चकचकीत आहेत, बोटाला किंचित उंच लागतात आणि एखाददोनानेच वाढतात. हे चेरी अँजिओमा, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी पुंजके. तिशीनंतर बऱ्याच जणांना येतात आणि त्यांचा रक्ताच्या कर्करोगाशी काही संबंध नाही. टॉर्च कपाटात ठेवून द्या.

ज्या ठिपक्यांकडे लक्ष द्यायला हवं ते वेगळे. ते टाचणीच्या टोकाएवढे, सपाट, बोटाला लागतही नाहीत, आणि एकदम शेकड्याने उमटतात, बहुधा नडग्यांवर आणि घोट्यांभोवती, कारण उभं राहिल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब जास्त असतो. काचेचा पारदर्शक पेला त्यांवर दाबून आरपार बघितलं तरी ते पुसट होत नाहीत. साधी लाली दाबल्यावर जाते, कारण तिथलं रक्त वाहिनीत असतं आणि बाजूला सरकतं. हे रक्त वाहिनीबाहेर सांडलेलं असतं, ते सरकणार कुठे? (चेरी अँजिओमाही कधी कधी दाबून पूर्ण फिका होत नाही, म्हणून पेला दाबून पुन्हा नवी धास्ती घेऊ नका. सपाट की उंच, आणि एकदम आलेत की जुने, हे बघा.) असे ठिपके प्लेटलेट घसरल्याचं चिन्ह असू शकतात. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या फार खाली गेल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, न लागताच काळंनिळं पडतं. याचं कारण ल्युकेमिया असू शकतं, तसंच डेंग्यू, इतर विषाणूंचे ताप, औषधं, किंवा शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट मारणं, हेही असू शकतं. जोराची उलटी किंवा खोकला झाल्यावर फक्त चेहऱ्या-मानेवर आलेले ठिपके बहुतेक वेळा नुसत्या दाबामुळे असतात. कारण काहीही असो, असे ठिपके नव्याने दिसले तर त्याच दिवशी सीबीसी. आणि सोबत तोंडात रक्ताचे फोड, थांबत नाही असा रक्तस्राव, किंवा चढा ताप, ग्लानी, मान आखडणं यांतलं काही असेल, तर लॅबची वाट न बघता सरळ हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ल्युकेमियाचा एपीएल नावाचा एक प्रकार आहे, ज्यात सुरुवातीच्या दिवसांतला रक्तस्रावच जीव घेतो. आणि वेळेत उपचार सुरू झाले तर तोच सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या ल्युकेमियांपैकी एक आहे. तिथे तासांना किंमत असते.

‘आणखी कोणत्या पुरळाला घाबरायचं’ याचं उत्तर देताना मला एका वेगळ्याच, संथ आजाराबद्दल सांगावंसं वाटतं, कारण तो दाखवायला लोक येतात तेव्हा बहुधा वर्षं उलटलेली असतात. मायकोसिस फंगॉइडिस. नावात फंगस असला तरी बुरशीशी त्याचा काही संबंध नाही, तो टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा त्वचेतला लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, आहे. कुल्ले, कंबर, मांड्यांचा आतला भाग, स्तनांखालची जागा, अशा ऊन न लागणाऱ्या भागांवर कोरडे, किंचित सुरकुतलेले, फिकट लाल चट्टे येतात. सावळ्या कातडीवर ते कधी कधी नुसते फिके पांढुरके दिसतात. नायटा म्हणून मलम, इसब म्हणून मलम, सोरायसिस म्हणून मलम, असं चक्र चालू राहतं. पहिली बायॉप्सी साफ येणंही नवीन नाही, सुरुवातीला पेशी इतक्या थोड्या असतात की पुन्हा, वेगळ्या जागेवरून तुकडा घ्यावा लागतो. यातली चांगली बाजू अशी की थोड्याच कातडीवर चट्टे असताना आजार सापडला, तर बहुतेकांचं आयुष्य त्यामुळे घटत नाही. म्हणून माझा रिवाज असा : झाकलेल्या भागावरचा चट्टा सहा महिने नीट औषध लावूनही तिथेच असेल, तर मलम बदलायचं नाही, तुकडा काढायचा.

बाकीचं भराभर सांगते. अंगावर काहीच नाही पण खाज मात्र आठवडेच्या आठवडे, झोप मोडणारी, आणि सोबत रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, ताप, वजन उतरणं किंवा मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी, तर हॉजकिन लिम्फोमा डोक्यात ठेवून तपासतात. आंघोळ झाली की दर वेळी टोचल्यासारखी खाज आणि रक्तात हिमोग्लोबिन फार जास्त, हे पॉलिसायथेमिया व्हेराचं, म्हणजे मॅरो तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनवतो त्या आजाराचं, रूप असू शकतं. हिरड्या सुजून दातांवर चढणं आणि अंगावर जांभळट गाठी, हे एका जातीच्या ल्युकेमियात दिसतं. डोळे चोळले तरी पापण्यांभोवती काळंनिळं पडणं आणि जीभ जाड होणं, यात ॲमिलॉइडोसिस, म्हणजे बिघडलेलं प्रथिन अवयवांत साठण्याचा आजार, बघतात. या प्रत्येकाचं साधं, निर्धोक कारण असण्याची शक्यता जास्त असते. कोरड्या कातडीने खाजणारी माणसं हॉजकिनपेक्षा किती तरी पटींनी अधिक. पण सीबीसी करायला कारण पुरतं.

आता वडिलांना सांगायचं का. त्यांच्यापासून लपवून तपासण्या करू नका. तीन वेळा रक्त काढलं, हाडातून मगज काढला, तरी त्यांना काही कळणार नाही असं मानणं हा त्यांचा अपमान आहे, आणि ६३ वर्षांचा माणूस गप्प बसला म्हणजे त्याला कळलं नाही असं नसतं. पण आज तुमच्याकडे सांगण्यासारखं निदानही नाही. जेवढं खरं आहे तेवढं सांगा : ‘बाबा, गाठी परत येतायत आणि रक्तही कमी आहे. दोन्हीचं मूळ एकच आहे का ते बघायचंय. त्या गोळ्यांनी गाठी दबतात, मूळ कळत नाही, म्हणून या वेळी गोळीआधी तपासणी.’ यातला एकही शब्द खोटा नाही. ‘कॅन्सर आहे का?’ असं त्यांनी थेट विचारलं तर ‘छे छे, काहीतरीच काय’ म्हणू नका. ‘बघतायत त्यात तेही एक आहे, इतरही बरंच आहे’ असं सांगा. आज ‘छे छे’ म्हणालात तर उद्या चांगला रिपोर्ट आल्यावरही ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

डॉक्टर कोणते, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, आणि सीबीसी पुन्हा तसाच आला तर लगोलग रक्तविकारतज्ज्ञ, ज्यांना हिमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. स्मिअरच्या रिपोर्टात ‘ब्लास्ट’ हा शब्द दिसला, किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असल्या, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून दाखवा. एरवी एक-दोन आठवड्यांचा अवधी चालतो. आणि दोन्ही ठिकाणी दोन्ही गोष्टी न्या. त्वचेच्या डॉक्टरांसमोर गाठींच्या फोटोंआधी १०६ चा कागद ठेवा, रक्ताच्या डॉक्टरांसमोर रिपोर्टाआधी गाठींचे फोटो. लोहाच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत आणि स्टिरॉइड कोणत्या तारखांना घेतलं, ते एका चिठ्ठीवर लिहून त्याला पिन मारा. तोंडी सांगायला गेलात तर नेमकं तेच राहून जातं.